घरात ‘कुणीतरी’ आहे असं वाटतंय? भूतशोधकांची टीम बोलावण्याआधी हे वाचा

तपासणी झालेली असते, चिठ्ठी हातात दिलेली असते, पेशंट खुर्चीतून उठतो आणि दारापाशी जाऊन पुन्हा वळतो. "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं. हसणार नाही ना?" या वाक्यानंतर येणारा प्रश्न बहुधा दोनांपैकी एक असतो. एक लैंगिक तक्रारीचा आणि दुसरा भुताचा.

पहिल्या विषयावर इथे बरंच लिहून झालं आहे. आज दुसऱ्यावर लिहिते, कारण त्याला अलीकडे एक नवीन शेपूट फुटलं आहे. पूर्वी लोक विचारायचे, "एकदा बाहेरचं बघून घेऊ का?" म्हणजे मांत्रिक, देवऋषी, भगत. आता पंचविशीतली मुलं विचारतात, "मॅडम, एक टीम आहे. शास्त्रीय पद्धतीने तपासतात, मशीन असतात, एक पैसाही घेत नाहीत. घरी बोलावू का?"

माझं मत सुरुवातीलाच सांगते. ही मंडळी बहुतेक वेळा फसवी नसतात. मांत्रिकापेक्षा तर शंभर पटींनी बरी. पण ती तपासणी उलट्या क्रमाने करतात. आधी घराच्या भिंती तपासतात आणि घरातली माणसं शेवटी, कधीकधी तपासतच नाहीत. आजार असेल तर या उलट्या क्रमात दिवस जातात, आणि काही आजार असे आहेत की त्यांत दिवस गेलेले परवडत नाहीत.

ही मंडळी आली कुठून?

हौशी स्वयंसेवकांनी रात्र जागून भुतांचा शोध घ्यायचा, ही मूळची इंग्लंडची गोष्ट. १८८२ साली लंडनमध्ये ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ ही संस्था स्थापन झाली. त्यात केंब्रिजचे प्राध्यापक होते, शास्त्रज्ञ होते. त्यांनी केलेलं एक काम मला आजही मोलाचं वाटतं. १८९४ मध्ये त्यांनी एक मोठी पाहणी छापली. सुमारे १७,००० लोकांना विचारलं होतं, की पूर्ण जागे असताना तुम्हाला कधी असं काही दिसलं, ऐकू आलं किंवा स्पर्श जाणवला का, ज्याला बाहेरचं काहीच कारण नव्हतं? जवळजवळ दहातला एक माणूस ‘हो’ म्हणाला. ही वेड्यांच्या इस्पितळातली माणसं नव्हती, आपल्यासारखीच चारचौघांतली होती. हा दहातला एक लक्षात ठेवा. तुम्हाला असा अनुभव आला असेल तर तुम्ही एकटे नाही, आणि लगेच ‘वेडे’ तर अजिबातच नाही.

आजच्या टीमचा खरा पूर्वज मात्र १९३७ सालचा. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात बोर्ली नावाच्या गावी पाद्र्यासाठी बांधलेलं एक जुनं घर होतं, झपाटलेलं म्हणून प्रसिद्ध. हॅरी प्राइस नावाच्या गृहस्थांनी ते वर्षभरासाठी भाड्याने घेतलं, ‘टाइम्स’मध्ये जाहिरात दिली आणि ४८ स्वयंसेवक निवडले. त्यांना पाळ्या लावून दिल्या आणि एक निळी पुस्तिका दिली. काय करायचं, कशी नोंद ठेवायची, हे त्या पुस्तिकेत होतं. शिवाय या घरात काय काय अनुभव येऊ शकतात, हेही होतं! तुम्ही परीक्षेला बसलेल्या मुलाच्या हातात उत्तरं ठेवलीत तर पेपर चांगला जाणारच. पुढे १९५६ मध्ये त्याच सोसायटीच्या तीन संशोधकांनी सगळी प्रकरणं पुन्हा चाळली. उंदीर, वारा, त्या घरात आवाज घुमण्याची पद्धत आणि माणसांच्या मनाची तयारी, यांवर बहुतेक गोष्टी येऊन ठेपल्या. प्राइस यांच्या प्रामाणिकपणावरही बोट ठेवलं गेलं.

मग २००४ साली अमेरिकेत ‘घोस्ट हंटर्स’ ही मालिका सुरू झाली. दिवसा प्लंबिंगचं काम करणारे दोन मित्र रात्री कॅमेरे घेऊन लोकांच्या घरी जायचे. आज जगभरातल्या टीम जे करतात ते बरंचसं या मालिकेवरून उचललेलं आहे. आपल्याकडे दिल्लीत गौरव तिवारी यांनी २००९ मध्ये ‘इंडियन पॅरानॉर्मल सोसायटी’ सुरू केली आणि टीव्हीमुळे ती घराघरांत पोहोचली. नंतर शहरोशहरी छोटे गट झाले. शनिवारवाड्याच्या ‘काका मला वाचवा’वर आपली पिढी वाढली, तेव्हा इथे हौशी लोकांची वानवा कधी नव्हतीच.

टीम घरी आली की काय करते?

सगळ्या टीमचा साचा थोड्याफार फरकाने एकच. आधी फोनवर किंवा फॉर्म भरून माहिती घेतात. कधीपासून त्रास आहे, कोणत्या खोलीत, कुणाला. मग एकजण घराचा इतिहास खणतो: आधी इथे कोण राहायचं, कुणाचा मृत्यू झाला का, जागेवर पूर्वी काय होतं. शनिवारी संध्याकाळी चार-सहा जण येतात. दिवसाउजेडी घर फिरून बघतात आणि यंत्रांची सुरुवातीची मापं घेतात, म्हणजे रात्री फरक कळावा. मग दिवे घालवतात. दोघादोघांच्या जोड्या खोल्या वाटून घेतात. इन्फ्रारेड कॅमेरे लावतात, रेकॉर्डर ठेवून रिकाम्या खोलीला प्रश्न विचारतात: "इथे कुणी आहे का? असशील तर आवाज कर." पहाटेपर्यंत हे चालतं. पुढचे आठ-दहा दिवस टीम रेकॉर्डिंग ऐकत, व्हिडिओ बघत बसते. शेवटी तुम्हाला बोलावून ‘पुरावा’ दाखवते.

आता त्या यंत्रांकडे जरा डॉक्टरच्या नजरेने बघू.

हातातला लुकलुकणारा मीटर विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजतो. घरातल्या तारा, फ्यूजबॉक्स, उपकरणं यांच्याभोवती किती क्षेत्र आहे ते बघायला तो बनवला आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू झाला, खिशातल्या मोबाइलवर मेसेज आला, की दिवे लागतात. बंदुकीसारखं थर्मामीटर हवेचं तापमान मोजतच नाही, ज्या पृष्ठभागावर रोखलं त्याचं मोजतं. त्यामुळे ‘खोलीत एकदम थंड जागा सापडली’ म्हणजे पुष्कळदा थर्मामीटर भिंतीवरून खिडकीच्या काचेकडे वळलेला असतो. फोटोतले पांढरे गोल म्हणजे लेन्सजवळच्या धुळीवर पडलेला फ्लॅश. आणि रेकॉर्डरवरचे ‘आवाज’? १९५९ मध्ये स्वीडनमधल्या फ्रिडरिश युर्गेनसन यांना पक्ष्यांचं रेकॉर्डिंग करताना त्यात माणसांचे आवाज ऐकू आले, तिथून ही प्रथा पडली. आपला मेंदू खरखरीतूनही शब्द काढतो. मिक्सर चालू असताना कुणीतरी हाक मारल्याचा भास तुम्हालाही झाला असेल. आधी कुणी सांगितलं की "यात ‘जा इथून’ असं ऐकू येतं", तर मग दुसरं काही ऐकूच येत नाही.

पण माझा मुख्य आक्षेप यंत्रांच्या दर्जावर नाही. उद्या कुणी लाखाचं यंत्र आणलं तरी तो राहीलच. रक्ताच्या तपासणीत ‘नॉर्मल’ची मर्यादा बहुधा अशी आखतात, की ठणठणीत माणसांपैकीही ५ टक्के त्या मर्यादेबाहेर पडावेत. आता एका निरोगी माणसाच्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा २० तपासण्या केल्या, तर निदान एक तरी ‘ॲबनॉर्मल’ येण्याची शक्यता किती? सुमारे ६४ टक्के! म्हणून मी माझ्या पेशंटना सांगते की स्वस्तात मिळतंय म्हणून फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेऊ नका, काहीतरी सापडणारच आणि तुम्ही महिनाभर काळजीत काढणार. भूतशोधकांची रात्र म्हणजे घराचं फुल बॉडी चेकअप. सहा यंत्रं, पाच खोल्या, आठ तास. काहीतरी लुकलुकणारच. काहीच सापडलं नसतं तर नवल.

तरीही या मंडळींच्या काही सवयी मला मनापासून आवडतात. ते न हसता ऐकून घेतात. आमच्या ओपीडीत एका पेशंटला दहा मिनिटंही मिळत नाहीत, हे लोक दोन तास बसतात. वेळ, जागा, हवामान, कोण कुठे होतं, सगळं लिहून ठेवतात. चांगल्या टीम तर आधी साधं कारण शोधतात: सैल झालेली खिडकी, पाइपमधली हवा, पोटमाळ्यावरचं मांजर. असं काही सापडलं की घरच्यांचा अर्धा जीव भांड्यात पडतो. हे काम चांगलंच आहे. फक्त ते इथेच थांबत नाही, आणि माणसाच्या शरीरापर्यंत पोहोचत नाही.

ज्या पेटीत सगळं असतं, त्यात एक गोष्ट नसते

१९२१ साली अमेरिकेतल्या नेत्ररोगांच्या एका वैद्यकीय नियतकालिकात डॉ. विल्यम विल्मर यांनी एका कुटुंबाची हकीगत छापली. जुन्या मोठ्या घरात राहायला आल्यापासून सगळ्यांची डोकी दुखू लागली, थकवा येऊ लागला. रिकाम्या खोल्यांत पावलं वाजायची. रात्री कुणीतरी पलंगापाशी उभं असल्याचं जाणवायचं. मुलं पांढरीफटक पडली, कुंड्यांतली झाडं मरू लागली. शेवटी कारण निघालं ते घर गरम ठेवणाऱ्या भट्टीत. ती बिघडली होती आणि तिचा धूर बाहेर जाण्याऐवजी घरात येत होता. त्यात कार्बन मोनॉक्साइड होता. भट्टी दुरुस्त झाली, भुतं गेली.

आपल्याकडे अशा भट्ट्या नसतात, पण गॅस गीझर असतात. छोट्या, बंद बाथरूममध्ये बसवलेला, धुराला बाहेर वाट नसलेला गॅस गीझर म्हणजे तीच भट्टी, फक्त लहान जागेत. हिवाळ्यात दारं-खिडक्या लावून पेटवलेली कोळशाची शेगडीही तशीच. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, त्यामुळे गळती कळते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, माणूस गोंधळतो, भास होतात, बेशुद्ध पडतो. "त्या बाथरूममध्ये गेलं की काहीतरी होतं, सूनबाई दोनदा चक्कर येऊन पडली" हे वाक्य ऐकून कुणी लिंबू-मिरची बांधतं, कुणी तिथे कॅमेरा लावतं. मी विचारते, गीझर कुठला आहे?

ओळखायच्या खुणा सांगते. घरातल्या एकापेक्षा जास्त जणांना एकाच वेळी त्रास. घराबाहेर पडलं की बरं वाटतं, परत आलं की पुन्हा सुरू. कुत्र्या-मांजरालाही सुस्ती. थंडीत जास्त. आणि एक महत्त्वाचं: बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. तो ९८ दाखवेल आणि माणूस तरीही विषबाधेत असेल. त्यासाठी रक्तातलं कार्बोक्सिहिमोग्लोबिन तपासावं लागतं. उपचार म्हणजे लगेच मोकळी हवा आणि रुग्णालयात ऑक्सिजन. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन सहज मिळतो. भूतशोधकांच्या पेटीत मीटर, कॅमेरे, रेकॉर्डर सगळं असतं. हा अलार्म बहुतेकांच्या पेटीत नसतो.

दुसरी गोष्ट झोपेची. "रात्री जाग आली, हात-पाय हलेनात, ओरडायला गेलो तर आवाज फुटेना, छातीवर कुणीतरी बसलेलं." हे वर्णन मी इतक्या वेळा ऐकलं आहे की पुढचं वाक्य मीच पूर्ण करते. याला स्लीप पॅरॅलिसिस म्हणतात. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू स्नायूंना कुलूप घालतो, नाहीतर आपण स्वप्नात पळताना खरंच पळलो असतो. कधीकधी जाग आधी येते आणि कुलूप काही क्षणांनी, फार तर काही मिनिटांनी उघडतं. तेवढ्या वेळात स्वप्नाचा तुकडा खोलीत उतरतो. छातीच्या स्नायूंनाही कुलूप असतं, म्हणून दडपल्यासारखं होतं. कोकणात मुंजा आला म्हणतील, जपानात कानाशिबारी म्हणतात, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी चेटकीण बसली म्हणतात. साधारण १०० पैकी ८ जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. विद्यार्थ्यांत हे प्रमाण चौथ्या हिश्शाच्या वर आहे. ते का, हे परीक्षेच्या दिवसांत होस्टेलवर राहिलेल्या कुणालाही कळेल: झोप कमी, वेळ वेडीवाकडी. उताणं झोपल्यावर हे जास्त होतं.

आता गंमत बघा. अशा घरी टीम येते आणि काय करते? सगळ्या कुटुंबाला पहाटे चारपर्यंत जागं ठेवते. जागरणाने स्लीप पॅरॅलिसिस वाढतो. म्हणजे तपास झाल्यावर दोन-तीन रात्रींत पुन्हा छातीवर कुणीतरी बसण्याची शक्यता वाढलीच. मग घरचे म्हणतात, "टीम येऊन गेल्यापासून ते जास्तच चवताळलंय."

तिसरी गोष्ट हळव्या जागेची आहे. नवरा किंवा बायको गेल्यावर मागे राहिलेल्या माणसाला त्या व्यक्तीची चाहूल लागते, हाक ऐकू येते, कधी ती दिसतेही. वेल्समधले डॉ. ड्यूई रीस यांनी १९७१ मध्ये अशा २९३ विधवा आणि विधुरांशी बोलून लिहिलं, की जवळजवळ निम्म्यांना असा काही ना काही अनुभव होता. बहुतेकांनी तो कुणालाच सांगितला नव्हता, आणि पुष्कळांना त्यातून आधारच वाटत होता. हा आजार नाही. अशा आजींच्या खोलीत मीटर घेऊन जाऊन "आजोबा, इथे असाल तर दिवा लावा" असं म्हणणं मला, स्पष्टच लिहिते, क्रूर वाटतं. दिवा लागला तरी क्रूर आणि नाही लागला तरी क्रूर.

वयस्कर माणसाला घरात लहान मुलं खेळताना, अनोळखी माणसं बसलेली दिसू लागली, तर मात्र डॉक्टर हवा. ल्यूई बॉडी डिमेन्शियात हे अगदी सुरुवातीला दिसतं. नजर खूप अधू झाली असेल तर मेंदू रिकाम्या जागा चित्रांनी भरतो, त्याला चार्ल्स बोने सिंड्रोम म्हणतात. यात माणूस मनाने ठीक असतो. एक-दोन दिवसांत अचानक सुरू झालं तर लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, नवीन सुरू झालेली गोळी, ही कारणं आधी बघायची.

आणि जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ती चौथी गोष्ट. विशी-पंचविशीतली मुलगी. चार दिवस ताप, डोकेदुखी. मग झोप उडते, घाबरते, एकटीच बडबडते, घरच्यांना ओळखत नाही. तोंड वेडंवाकडं हलवते, अंग ताठ करते, मध्येच गप्प दगडासारखी. घरचे म्हणतात, "अंगात शिरलंय." २००७ साली डॉ. जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचं कारण दाखवून दिलं: शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या रिसेप्टरवर हल्ला करते. कधीकधी मूळ अंडाशयातल्या गाठीत असतं. निदान लवकर झालं तर स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, गाठ असल्यास शस्त्रक्रिया, यांनी बहुतेक रुग्ण सावरतात. त्याला महिने लागतात, पण मुलगी परत येते. उशीर झाला तर फिट्स, श्वास बंद पडणं, मृत्यूही. अशा घरी टीमची ‘पुढच्या शनिवारी येतो’ ही तारीख आणि मग फुटेज बघायचे दहा दिवस, हा हिशेब तुम्हीच करा.

पण घरातल्या सगळ्यांनाच जाणवतं, त्याचं काय?

हा प्रश्न रास्त आहे. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या विक टँडी या अभियंत्याने लिहिलं, की प्रयोगशाळेतल्या एका पंख्यामुळे सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, कानाला न कळणारा आवाज तयार होत होता आणि त्यामुळेच तिथे लोकांना कुणीतरी असल्याचा भास व्हायचा. गोष्ट छान आहे, भूतशोधकांची लाडकी आहे. पण लंडनमधले मानसशास्त्रज्ञ क्रिस फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी पुढे मुद्दाम एक खोली बांधली, ७९ जणांना एकेक करून आत सोडलं, कधी असा आवाज चालू, कधी विद्युतचुंबकीय क्षेत्र चालू, कधी काहीच नाही. २००९ मध्ये निष्कर्ष छापला. पुष्कळांना विचित्र अनुभव आले, पण आवाज किंवा क्षेत्र चालू असण्याशी त्यांचा संबंध नव्हता. ‘इथे काहीतरी जाणवू शकतं’ असं आधी सांगितलं होतं, एवढंच त्याला पुरेसं ठरलं असावं.

म्हणून टीमचा तो शेवटचा ‘अहवाल’ मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. "तुमच्या घरात काहीतरी आहे, पण ते त्रास देणारं नाही." हे वाक्य बोलणारा घरी जाऊन शांत झोपतो. ऐकणारा त्यानंतर प्रत्येक करकर वेगळ्या कानाने ऐकतो. औषधावर चांगला असलेला मुलगा म्हणतो, "बघा, मी म्हणत होतोच," आणि गोळ्या बंद करतो.

अजून एक. फॉर्ममध्ये बऱ्याच टीम विचारतात की घरात कुणाला मानसिक आजार आहे का, कुठली औषधं चालू आहेत. विचारतात हे चांगलंच. पण उत्तर वाचणारा माणूस डॉक्टर नसतो आणि गोपनीयतेचं जे बंधन आमच्यावर आहे ते त्याच्यावर नसतं. तुमच्या सोळा वर्षांच्या मुलीचा घाबरलेला चेहरा उद्या कुणाच्या तरी चॅनेलवर असू शकतो.

आपल्याकडची दुसरी पद्धत

महाराष्ट्रात स्वयंसेवकांचा असाच, पण वेगळ्या रीतीने चालणारा तपास अनेक वर्षं होत आला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेला शिकलेले एमबीबीएस डॉक्टर, साताऱ्यात दवाखाना होता. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. घरावर दगड पडतात, कपडे आपोआप पेटतात, अन्नात घाण सापडते, अंगावर फुल्या उमटतात, अशा भानामतीच्या तक्रारी आल्या की कार्यकर्ते जातात. त्यांच्याकडे मीटर नसतो. ते घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलतात. कोणता प्रकार घडताना कोण कुठे होतं, हे जुळवतात. बहुतेकदा धागा घरातल्याच एका माणसापाशी जातो: छळ होणारी सून, शाळा सोडायला लावलेली मुलगी, ज्याचं कुणी ऐकत नाही असा मुलगा. आणि त्यानंतर ते जे करतात ते खरं शिकण्यासारखं आहे. त्या व्यक्तीचं नाव चारचौघांत फोडत नाहीत. तिच्याशी बोलतात, घरच्यांशी बोलतात, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. भानामती थांबते.

समितीच्या सगळ्याच भूमिका तुम्हाला पटतील असं नाही. पण तपासाचा क्रम बघा: आधी माणूस, मग वस्तू. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते झगडत होते तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळात संमत झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं, हे आता महाराष्ट्रात गुन्हे आहेत आणि त्यांना सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे.

तरीही बोलावायचंच असेल तर

बोलावा. मी कुणाला अडवू शकत नाही, आणि उत्सुकता हा काही रोग नाही. पण त्याआधी गॅस गीझर बंद करून आठवडाभर विजेवर किंवा चुलीवर (चूल बाहेर हवी) पाणी तापवून बघा. ज्याला अनुभव येतात त्याची झोप, दारू, चालू औषधं, नजर आणि ताप यांची माहिती घेऊन डॉक्टरकडे या. टीमला लेखी सांगा की चित्रीकरण घराबाहेर जाणार नाही. लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या रात्री दुसरीकडे झोपू द्या. आणि कुणीही, कितीही आत्मविश्वासाने, "गोळ्या थोडे दिवस थांबवून बघा" असं म्हणालं तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

काही वेळा मात्र टीमची, देवऋष्याची, माझ्या सोमवारच्या ओपीडीचीही वाट बघायची नाही, त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जायचं. तापासोबत वागणं बदललं. फिट आली. माणूस एका जागी खिळून राहिला किंवा ओळख विसरला. घरातल्या दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी आणि गरगरणं सुरू झालं. ऐकू येणारा आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतो आहे. मन फारच घाबरलं असेल आणि जवळ कुणी नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

टीम येऊन गेली असेल तर तिची नोंदवही मागून घ्या आणि तपासणीला येताना सोबत आणा. कोणत्या खोलीत, किती वाजता, कुणाला, किती वेळ, त्याआधी काय खाल्लं, किती झोप झाली होती, हे पेशंटला आठवत नाही आणि आम्हाला नेमकं तेच हवं असतं. फोटोतले पांढरे गोल घरीच ठेवलेत तरी चालतील.